पहिले वास ले, मंग पाना ले

जुन्या गाडीचे मागचे ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून गॅरेजला गेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "लायनर गेले, मॅडम. नवे टाकून देतो." टाकतातही. महिनाभर गाडी बरी चालते, मग पुन्हा तेच. मी या फेऱ्यातून दोनदा गेले आहे, पैसे मोजून. लायनर खराब झाले होते हे खरं, पण ते का खराब झाले हे कोणी पाहिलंच नव्हतं. म्हणून आधी दुखणं कुठलं ते शोधायचं कसं, आणि ड्रम कधी उघडायचा, हे सांगते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं. ब्रेक दाबला की त्याच्या आतले दोन अर्धगोल शू पसरून भिंतीला घासतात, आणि शूवर बसवलेला घासणारा थर तो लायनर.

गाडी आमच्या आबांची. १९८६ ची ॲम्बेसेडर, मार्क फोर, पेट्रोल. जळगाव स्टेशनाबाहेर उभी असायची आणि अजिंठ्याची लेणी पाहायला आलेल्या लोकांना घेऊन नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला जायची. साठेक किलोमीटरचा रस्ता. कुणाला पुढे औरंगाबादला जायचं असलं की अजिंठ्याचा घाट चढायचा आणि रात्री रिकामी गाडी घेऊन तोच घाट उतरायचा. आबा गॅरेजला फारसे जात नसत. चाक खोललं की मला हाक मारायचे, कंदील धरायला. आणि मी पाना पुढे केला की म्हणायचे, "पोरी, पहिले वास ले, मंग पाना ले." मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, आबा गेले, गाडी माझ्याकडे आली. वासाचं ते वाक्य मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं.

उघडण्याआधी

आधी गाडीत बसून पेडल दाबा. इंजिन बंद असलं तरी चालेल. आमच्या गाडीला बूस्टर, म्हणजे इंजिनच्या जोरावर पेडल हलकं करणारा भाग, नाही. पेडल खोल जातं, पण लागोपाठ दोनतीनदा दाबलं की वर येतं, असं असेल तर बहुधा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. हे दुखणं नुसत्या ॲडजस्टमेंटने बरं होतं. पेडल वर येतं पण पायाखाली स्पंजासारखं दबतं, तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. आणि पाय एकाच जोराने ठेवून अर्धा मिनिट थांबलात, तरी पेडल हळूहळू खाली उतरत जातंय? मग एक तर कुठेतरी ऑइल गळतंय, नाही तर मास्टर सिलेंडरमधला (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो) रबर कप आतल्या आत ऑइल सोडतोय. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. भाजी आणायलासुद्धा नाही.

मास्टर सिलेंडरचं झाकण उघडून ऑइल पाहा. लायनर झिजत जातात तशी पातळी थोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. पण महिन्याभरापूर्वी भरलेलं ऑइल बोटभर खाली गेलं असेल, तर ते हवेत उडालेलं नाही. ते कुठल्यातरी ड्रममध्ये आहे.

मग गाडी सात-आठ किलोमीटर चालवून आणा, मध्येमध्ये बेताने ब्रेक लावत. घरी आल्यावर शेवटचं थोडं अंतर ब्रेक न लावता गाडी हळू करून थांबवा. मागच्या दोन्ही चाकांच्या व्हीलकॅप काढा आणि नटांच्या मधल्या भागावर बोटांनी चार थेंब पाणी शिंपडा, भाकरी टाकण्याआधी तव्यावर शिंपडतो तसं. हात लावू नका, आणि तांब्याभर पाणीही ओतू नका. तापलेल्या ओतीव लोखंडाला ते सोसत नाही. एका चाकावर थेंब नुसते ओघळले आणि दुसऱ्यावर चर्र झाले, तर चर्र करणाऱ्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. दोन्हीकडे चर्र झालं, तर दोन्ही चाकांना सामाईक असलेल्या भागांकडे वळायचं, ते पुढे येतंच आहे. आणि एक चाक अगदीच थंड असेल, तर तिथे ब्रेक लागतच नाही. उन्हाळ्यात हा प्रयोग सकाळी सातच्या आत करा. मे महिन्यात जळगावात दुपारी पंचेचाळीस अंश असतं, तेव्हा नुसत्या उभ्या गाडीचं बॉनेटही पाणी पिऊन टाकतं.

आणखी एक तपासणी, शेताकडच्या कच्च्या रस्त्यावर. मागेपुढे कोणी नाही हे पाहून तीसच्या वेगाने जा, ब्रेक जोरात लावा, उतरून मागे चालत जा. मातीत मागच्या एकाच चाकाची घसरलेली रेघ असेल, तर ते चाक दुसऱ्याच्या आधी जाम होतंय. आबा हे नेरीच्या अलीकडे एका पांदीत करायचे.

ड्रम काढताना

जागा सपाट हवी. पुढच्या दोन्ही चाकांना मागूनपुढून ठोकळे. गाडी गिअरमध्ये नको आणि हँडब्रेक सोडलेला हवा, नाहीतर ड्रम निघणारच नाही. म्हणजे गाडी धरून ठेवायला फक्त ते ठोकळे उरतात, ते नीट लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा. जॅकने उचललं की लगेच ॲक्सलखाली घोडी. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारे पुष्कळ पाहिलेत, त्यातल्या एकाचा अंगठा आता नाही.

धुळीबद्दल. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ती पूड छातीत गेली की वर्षानुवर्षं तिथेच राहते. गॅरेजची पोरं हवेच्या पाइपने ड्रम फुंकतात, समोर चहाचा कप ठेवून. तसं करू नका. तोंडावर चांगला मास्क, साबणाचं पाणी फवाऱ्याने मारून धूळ ओली करा, चिंधीने पुसा, चिंधी पिशवीत बांधून टाका. सुक्या झाडूने तर अजिबात नाही.

ड्रमचे स्क्रू अडले तर इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोड्याने ठोकलं की फिरणारा पेचकस, वापरा. तो नसेल तर आदल्या रात्री गंजावरचं ऑइल एकेक थेंब सोडून ठेवा, शूकडे झिरपणार नाही इतकंच. स्क्रू निघूनही ड्रम हलत नसेल, तर बहुधा ड्रमच्या आतल्या कडेला झिजून काठ तयार झालेला असतो आणि शू त्यात अडकतात. ॲडजस्टर पूर्ण उलटा फिरवून शू आत घ्या आणि लाकडी हातोड्याने ड्रमच्या भोवती आळीपाळीने ठोका. ड्रममागच्या पत्र्याच्या कडेत पेचकस घालून उचकटू नका. तो पत्रा वाकला की पुढे वर्षभर खरखर ऐकत बसावं लागतं.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तुमचं पाठ्यपुस्तक. शिवाय उघडल्याबरोबर मोबाइलने फोटो काढा, कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला शू पुढे, कुठला मागे. दोन्ही शू सारखे दिसले तरी लायनर त्यांच्यावर सारख्या जागी बसलेला असेलच असं नाही. चाक पुढे फिरताना एक शू ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप जास्त दाबला जातो, दुसरा ढकलला जातो. त्यांची अदलाबदल केली तर ब्रेक लागतो, पण अर्धा. शहरातल्या एका गॅरेजने माझ्या उजव्या चाकात हेच करून ठेवलं होतं. मला कळलं ते डावा ड्रम उघडला तेव्हा.

वास

आता नाक जवळ न्या, धूळ पुसून झाल्यावर. ड्रममध्ये तीन वास असू शकतात. एक, जळक्या लायनरचा, कोरडा, कडवट. हा ब्रेक सुटत नसल्याचा. दुसरा, गंधकासारखा, सडक्या अंड्याकडे झुकणारा; हा डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याच्या, नव्वद नंबर ऑइलचा. तिसरा ब्रेक ऑइलचा, तो मंद असतो, किंचित गोडसर, आणि बऱ्याच जणांना ओळखू येत नाही.

वास कळला नाही तर शाळेतला प्रयोग करा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि ड्रममधला तो ओलेपणा काडीने खरवडून त्यात सोडा. नव्वद नंबरचं ऑइल पाण्यावर तवंग धरून तरंगतं, वरणावरच्या फोडणीसारखं. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते ढवळलं की पाण्यात विरून जातं. सिलिकॉनचं डॉट ५ विरत नाही, पण ते आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत कोणी मुद्दाम टाकल्याशिवाय नसतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढे कुठला पाना उचलायचा ते इथेच ठरतं. तवंग आला तर दोष ॲक्सलमध्ये. विरलं तर व्हील सिलेंडरमध्ये, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू पसरवणाऱ्या ड्रममधल्या सिलेंडरमध्ये. मला आबांचं वाक्य समजलं ते या ग्लासापाशी.

झालं असं. एका पावसाळ्यात आमच्या शेताच्या बांधावर गाडी रुतली. काळी माती, कपाशीचं रान, चाकं पोटापर्यंत आत. ट्रॅक्टरने ओढून काढली, धुतली, विसरून गेलो. दिवाळीच्या सुमाराला उजवा मागचा ब्रेक कधी घसरायला लागला, कधी अचानक पकडायला. तेल लागलेला लायनर दोन्ही करतो: ओला असताना घसरतो, थोडा तापून चिकट झाला की झडप घालतो. गॅरेजने लायनर बदलले. दीड महिन्याने पुन्हा तेच. परत लायनर, आणि "सीलही बदललं" असं सांगितलं. सील म्हणजे ॲक्सलमधलं ऑइल ड्रमकडे येऊ न देणारी रबरी कडी. संक्रांतीला पुन्हा ओलं. तिसऱ्यांदा मीच खोललं, ग्लासात तवंग पाहिला, म्हणजे ऑइल डिफरन्शियलकडून येतंय. पण नवं सील असताना?

गाडीखाली आडवी होऊन ॲक्सलच्या नळीवरून बोट फिरवत गेले. वरच्या बाजूला एक बारीक टोपी असते, ब्रीदर. तिचं काम इतकंच, की आतली हवा तापून फुगली की बाहेर जावी. आठवीला मी हेच शिकवायचे. ती टोपी शोधायलाच वेळ लागला, कारण तिच्यावर काळ्या मातीचा गोळा उन्हात वाळून विटेसारखा झाला होता. गाडी फिरवून आणली आणि डिफरन्शियलचा भरण्याचा नट हळूच ढिला केला, तर सुस्स करून हवा बाहेर आली, प्रेशर कुकरची शिट्टी उचलल्यासारखी. आतल्या हवेला वाट नाही, म्हणून ती ऑइलला सीलवरून बाहेर ढकलत होती. सील कितीही नवं टाका. वरून ऑइलही जास्त भरलेलं होतं. ते भोकाच्या खालच्या कडेशी टेकेल इतकंच हवं, गाडी सपाट असताना. नट काढल्यावर पेलाभर तरी बाहेर वाहिलं.

सेफ्टी पिनने ब्रीदर मोकळा केला, रॉकेलने धुतला, जादा ऑइल वाहू दिलं, आणि सील मात्र पुन्हा बदलून घेतलं, कारण दाबाने त्याचा ओठ उलटला होता. ॲक्सलचं ते काम मी स्वतः करत नाही. त्याला पुलर लागतो आणि बेअरिंग तिरकं बसलं तर नवीन दुखणं सुरू होतं. ज्यांच्याकडे हत्यार आहे त्यांना करू द्या, पण ब्रीदर तुम्ही स्वतः पाहा. रुतलेल्या प्रत्येक गाडीचा पाहा.

तेल प्यायलेले लायनर धुऊन वापरता येतात का? आबा पेट्रोलने धुऊन काडी लावायचे, अंगणात जाळ व्हायचा. मीही पूर्वी केलंय. काही उपयोग नाही. वरचं जळतं, आतलं तसंच राहतं, आणि पुढच्या उतारावर लायनर तापला की पुन्हा पाझरतं. टाकून द्या, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदला. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला जुना ठेवला तर गाडी एका अंगाला ओढते.

ग्लासात विरघळलं तर

म्हणजे व्हील सिलेंडर. त्याच्या टोकाच्या रबरी टोपीची कड नखाने उचला. आत दमटपणा चालतो, थेंब नाही. ओलं असेल तर सिलेंडर उतरवून पिस्टन काढा आणि आतली भिंत उजेडासमोर धरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी सिलेंडरच्या तळाशी बसतं आणि तिथे बारीक खड्डे पडतात. नख फिरवा. अडकलं नाही तर रबरांचं नवं किट टाकून भागेल. अडकलं तर पूर्ण सिलेंडरच नवा घ्या. घासून गुळगुळीत करून देणारे भेटतात, पण भोक मोठं झालं की कप सैल बसतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा तुम्ही गाडीखाली. उत्तरपाड्याचा ॲम्बेसेडरचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला तरी ब्रेकचं सामान अजून मिळतं. मागवताना जुना नग हातात धरून भोकाचं माप जुळवा.

रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल काहीही लागू देऊ नका. पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं आणि पिस्टन जागीच जाम होतो. सिलेंडर धुवायचा तो ब्रेक ऑइलनेच किंवा स्पिरिटने, आणि कप बसवायचा ब्रेक ऑइलात बुडवून. हात पुसायची चिंधीसुद्धा वेगळी ठेवा. मघाशी ब्रीदर रॉकेलने धुतला म्हटलं, ते हात साबणाने धुऊन मगच इकडे या.

ज्या गाड्यांत एकाच पिस्टनचा सिलेंडर मागच्या पत्र्याच्या फटीत सरकता बसवलेला असतो, तिथे एक फसवं दुखणं होतं. सिलेंडरची ती सरकण्याची जागा गंजून धरते. मग एकच शू काम करतो आणि झिजतो, दुसरा नव्यासारखा राहतो. लोक झिजलेला शू पाहून लायनर बदलतात. तुम्ही सिलेंडर हाताने पुढेमागे सरकतोय का ते पाहा, फट तारेच्या ब्रशने साफ करा, ब्रेकसाठीचं ग्रीस अगदी पुसटसं लावा.

ब्रेक सुटत नाही तेव्हा

पाण्याच्या थेंबांनी चर्र केलेलं चाक उचला. हाताने फिरवा, जड आहे. आता ब्लीड निपलला, म्हणजे हवा काढायच्या बारीक तोटीला, नळी लावून निपल पाव फेरा उघडा. थोडं ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकलेला होता. काहीच फरक पडला नाही, तर अडथळा यांत्रिक आहे: जाम पिस्टन, थकलेल्या स्प्रिंगा, किंवा हँडब्रेकची केबल.

दाब अडकला असेल आणि मागची दोन्ही चाकं धरत असतील, तर बॉडीपासून ॲक्सलपर्यंत येणारा रबरी होज संशयित. बाहेरून तो धडधाकट दिसतो. आतून फुगून त्याची वाट बारीक होते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, स्प्रिंगांच्या जोराने परत येऊ शकत नाही. तो बदलायचा, फुंकून पाहण्यात अर्थ नाही. चारही चाकं धरत असतील तर मास्टर सिलेंडरकडे जा, पण आधी पेडलला किंचित मोकळी चाल आहे का ते पाहा. पेडल पूर्ण वर येत नसेल तर ऑइलला परतायची वाट उघडतच नाही. एकदा माझ्या पेडलखाली मॅट दुमडून बसली होती, एवढंच.

हँडब्रेकची केबल ओळखायला सोपी. ॲक्सलपाशी तिची जोडणी सोडा, चाक मोकळं झालं तर केबल आत गंजली आहे. वर्षानुवर्षं कोणी तिला ग्रीस दिलेलं नसतं. आणि हँडब्रेक धरत नाही म्हणून आधीच केबल आवळत बसू नका; आधी शू ॲडजस्ट करा, मग उरलेली ढील केबलमधून काढा. उलटं केलं की शू अर्धवट उघडेच राहतात.

ड्रमची भिंत

ब्रेक लावताना पायाला धडधड लागत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. लेथवर कट मारून घ्या, दोन्ही ड्रमना सारखाच. काळे निळे डाग आणि बारीक तडे दिसले तर कट मारण्यात पैसे घालवू नका. लायनर रिव्हेटचा असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर दीड मिलिमीटरपेक्षा कमी जाडी उरली की बदला. त्यानंतर रिव्हेट ड्रमवर ओरखडे काढतं, आणि मग दोन्ही बदलावे लागतात.

नवा लायनर ड्रमला पूर्ण टेकतो का, ते खडूने पाहा. माझ्याकडे खडूंची कमतरता नाही. लायनरवर आडवा खडू घासा, ड्रम चढवा, हँडब्रेक हलका ओढून ड्रम हाताने दोन फेरे फिरवा, काढा. खडू जिथे पुसला गेला तिथेच शू टेकतोय. मध्येच पुसला आणि दोन्ही टोकं पांढरी राहिली तर शूची गोलाई ड्रमपेक्षा लहान आहे; फक्त टोकंच पुसली गेली तर उलट. थोडाफार फरक चालवून चालवून बसतो. दोन बोटं रुंदीचाच पट्टा टेकत असेल तर ज्याने लायनर मारला त्याच्याकडे परत न्या आणि घासून घ्या. जाण्याआधी फोटो काढा, नाहीतर तो तुम्हालाच शिकवेल.

बसवणं, आवळणं, हवा काढणं

शू जिथे पत्र्यावर घासतात त्या उंचवट्यांवर ग्रीसचा नुसता पुसट हात. ते न केल्यानेही ब्रेक सोडताना टकटक येते. लायनरला बोटांचं ग्रीस लागलं तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून हात धुऊन या.

माझ्या गाडीला पत्र्यामागे चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर आहे. काही गाड्यांना ड्रमच्या भोकातून पेचकसाने फिरवायचं दातेरी चाक असतं. चौकोनी डोक्याला ढिला पाना लावून त्याचे कोपरे खाऊ नका, नेमका बसणारा घ्या. चाक पूर्ण जाम होईपर्यंत आवळा. मग गाडीत जाऊन पेडल दोनतीनदा जोरात दाबा, म्हणजे शू मधोमध बसतात. परत येऊन पुन्हा आवळा. बऱ्याचदा आणखी एक टिक मिळते. आता एकेक टिक सोडत जा, चाक मोकळं फिरून लायनर अगदी हलका घासल्याचा आवाज राहीपर्यंत. डिफरन्शियलचा जडपणा आणि ब्रेकचा जडपणा यात गोंधळ होतो. डिफरन्शियलचा सगळा फेरा सारखाच जड लागतो.

हवा काढायला दुसरं माणूस हवं. माझा भाचा पेडलवर, मी निपलपाशी. लांबच्या चाकापासून सुरुवात, आपल्याकडे म्हणजे डावं मागचं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडालेलं. आमचे शब्द ठरलेले आहेत.

"दाब."

"दाबलं, आत्या."

"धर." मी निपल उघडते, बुडबुडे येतात, बंद करते. "सोड."

मी बंद केल्यावरच "सोड". पहिल्या वेळी त्याने माझ्या आधी पाय उचलला आणि बाटलीतली हवा पुन्हा लाइनमध्ये गेली. अर्धा तास फुकट. दर पाच-सहा दाबांनी मास्टर सिलेंडरमध्ये ऑइल भरत राहा, तो रिकामा झाला की पहिल्यापासून सुरुवात. बाटलीत निघालेलं ऑइल परत भरू नका. आणि सील फोडलेला डबा वर्षभर फडताळात ठेवून वापरू नका. डॉट ३ ताजं असताना कमीत कमी २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ते १४० पर्यंत उतरू शकतं. आपल्या उन्हाने ते उकळत नाही, पण कन्नड घाट उतरताना तापलेल्या ड्रमजवळ उकळतं. उकळलं की वाफ, आणि वाफ पायाखाली नुसती दबते. म्हणून घाट उतरायचा तो गिअरवर, चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग सोलून काढतं ते.

चाचणी आधी अंगणात, चालण्याच्या वेगाने. मग रिकाम्या रस्त्यावर. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ॲडजस्ट करा, नवे लायनर बसतात तेवढ्यात. पावसात पाण्याखालचा फरशीपूल ओलांडून आलात तर पहिले काही ब्रेक लागतच नाहीत, ड्रममध्ये पाणी शिरलेलं असतं. हळू चालवत डाव्या पायाने पेडल हलकं दाबून धरा, दोनशे-तीनशे मीटरमध्ये वाळतात.

आणि लांबून, विशेषतः घाटातून आलात, ड्रम तापलेले आहेत, तर हँडब्रेक ओढून गाडी लावू नका. तापलेला ड्रम दाबात थंड झाला तर वाकडा होऊ शकतो, आणि पावसाळ्यात महिनाभर तशीच ठेवली तर शू गंजून ड्रमलाच चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. आबांचा दगड वाघूरच्या पात्रातला आहे, चपटा, एका बाजूने टायरच्या गोलाईइतका झिजलेला. डिकीत जॅकशेजारी असतो. भाचा त्याला दरवेळी बाहेर काढून ठेवतो, आणि मी दरवेळी परत टाकते.